बागकामाच्या जोडीला सरपण: जागेपासून विक्रीपर्यंतचा नेमका क्रम

बागकाम करणाऱ्याकडे लाकूड आपसूक येतं. कुणाचं वाऱ्याने आडवं झालेलं झाड, कुणाच्या कुंपणावर झुकलेली फांदी, कुणाच्या अंगणातला वठलेला बुंधा. ‘जाताना हे तेवढं घेऊन जा’ असं मालक म्हणतो आणि ओंडके गाडीत चढतात. इथवर ठीक. चुकतं ते पुढे. बहुतेक जण आधी चेनसॉ (फिरत्या साखळीची यंत्रकरवत) विकत घेतात, मग मिळेल ते लाकूड परसात आणून टाकतात, ढिगाला चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळतात आणि मागणी आली की घाईघाईने फोडून देतात. लाकूड तेव्हाही ओलंच असतं. घेणाऱ्याच्या घरात धूर कोंडतो आणि तो पुन्हा फोन करत नाही.

या कामात पैसे तोडण्याचे मिळत नाहीत, वाळवण्याचे मिळतात. हे एकदा मनात बसलं की पुढचा सगळा क्रम बदलतो. साधा हिशोब बघा. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात बऱ्याचदा निम्मं पाणी असतं. म्हणजे १०० किलो ओल्या लाकडात ५० किलो पाणी आणि ५० किलो खरं लाकूड. ते नीट जळायला पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांवर यायला हवं, म्हणजे एकूण वजन ६२.५ किलो व्हायला हवं. मधलं ३७.५ लिटर पाणी हवेत गेलं पाहिजे. जवळजवळ चार बादल्या, तेही दर १०० किलोंमागे. हे पाणी जायला जागा, वारा आणि महिने लागतात. म्हणून सुरुवात यंत्रापासून करायची नाही.

## टप्पा १: आधी जागा, मग लाकूड

किती जागा लागेल ते आधी काढा. तुकडे ३३ सेंटीमीटर लांब ठेवले आणि १.२ मीटर उंचीची एकेरी रांग रचली, तर एक रचलेला घनमीटर बसायला सुमारे अडीच मीटर लांबी लागते. वर्षाला दहा घनमीटर करायचे ठरवले तर २५ मीटर. टणक लाकडाला दोन वर्षं लागू शकतात, म्हणजे एकावेळी दोन वर्षांचा माल जागेवर असणार: ५० मीटर. हा आकडा ऐकून पुष्कळांचा बेत बदलतो, आणि तो आधीच बदललेला बरा.

जागा उघडी हवी, वारा आरपार जाणारी हवी. ऊन असेल तर उत्तमच, पण ऊन आणि वारा यांतलं एकच मिळत असेल तर मी वारा निवडतो. घराच्या भिंतीला लागून रांग लावू नका, वाळवीला ती घरात शिरायची वाट होते. गाडी रांगेपर्यंत आली पाहिजे. नाहीतर प्रत्येक तुकडा दोनदा जास्त उचलावा लागतो, आणि संध्याकाळी पाठ ते सांगते.

खाली १० ते १५ सेंटीमीटर उंचवटा करा. जुनी पॅलेट, विटांवर टाकलेले वासे, काहीही चालेल. मातीला टेकलेला थर कधीच वाळत नाही.

तपासणी: मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी जागेवर जा. पाणी साचलेलं दिसलं तर ती जागा सोडा. कोरड्या दिवशी तिथे ओलं फडकं टांगा. ते घराजवळच्या दोरीवरच्या फडक्याआधी वाळलं तर जागा चांगली.

## टप्पा २: लाकूड कोणाचं, हे तोडण्याआधी ठरवा

झाड हद्दीवर असेल तर शेजाऱ्यालाही विचारा. पुष्कळ ठिकाणी स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते, काही जातींना जास्त संरक्षण असतं, आणि कापलेलं लाकूड गाडीतून न्यायला वेगळा कागद लागू शकतो. हे नियम गावागणिक बदलतात. पहिला ओंडका उचलण्याआधी संबंधित कार्यालयात जाऊन विचारा आणि परवानगी मालकाच्या नावाने लेखी घ्यायला लावा. मालकाचाही ‘लाकूड तुम्ही न्या’ असा साधा मेसेज घेऊन ठेवा.

इथे होणारी सगळ्यांत मोठी चूक पैशांची आहे. मालक म्हणतो, ‘लाकूड तुम्हालाच मिळतंय, मग मजुरी कशाला?’ आणि आपण मान डोलावतो. असं करू नका. छाटणी, सफाई, पालापाचोळा उचलणं हे बागकाम आहे, त्याची मजुरी वेगळी. लाकूड हातात पैसे द्यायला एक-दोन वर्षं घेतं आणि मधली सगळी मेहनत तुमचीच असते. मोठा, चांगल्या जातीचा बुंधा असेल तर मजुरीत थोडी सूट द्या, पण शून्य नको.

तपासणी: तोडण्याआधी झाडाभोवती एक चक्कर मारा. घरटं, ढोली, मधमाश्यांचं पोळं, गांधीलमाशा, विजेची तार. यांतलं एक जरी दिसलं तर काम थांबवा. घरट्यातली पिल्लं उडेपर्यंत थांबता येतं. तारेजवळचं काम तर आपलं नाहीच.

## टप्पा ३: काय घ्यायचं आणि काय नाकारायचं

फुकट मिळतंय म्हणून सगळंच आणलं की रांगेतली जागा हलक्या लाकडाने भरते. जड, घट्ट जातींचं लाकूड, म्हणजे बाभूळ, सुरू, चिंच, हे हळू आणि बराच वेळ जळतं. सावर, पांगारा, शेवगा यांसारखं मऊ लाकूड भुर्रकन जळून जातं. अगदी पेटवणासाठी थोडं ठेवा, बाकी मालकाच्या खतखड्ड्याशेजारी राहू द्या. निलगिरी चांगली जळते, पण तिचा पीळ आणि वाळल्यावरचा कडकपणा लक्षात ठेवा. ती ओली असतानाच फोडावी लागते.

बागेत काम करणाऱ्याने काही झाडं ओळखायलाच हवीत:

- कण्हेर: सगळं झाड विषारी. कुंपणाची छाटलेली कण्हेर सरपणात मिसळणं सहज घडतं. तिचा धूरही घातक. एकही काडी येऊ देऊ नका.
- शेर: दुधासारखा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. कापायचा असेल तर चष्मा आणि हातमोजे घालूनच, आणि सरपणात नाही.
- बिब्बा: चिकाने कातडी भाजल्यासारखी होते. हात लावू नका.

रंग दिलेलं, पॉलिश केलेलं किंवा औषध मारलेलं जुनं लाकूडही नको. बागेतले जुने खांब आणि कुंपणाच्या पट्ट्या टिकाव्यात म्हणून त्यांना रसायनं पाजलेली असतात, काहींत आर्सेनिक असतं. ते धुरात आणि राखेत उतरतं, आणि राख पुन्हा कुणाच्या तरी वाफ्यात पडते.

कुंपणाकाठच्या झाडांकडे जास्त बारकाईने बघा. खोडात तार, खिळा, जुना हूक गिळलेला असतो. कापलेल्या तोंडावर निळसर-काळा डाग पसरलेला दिसला तर आत लोखंड असण्याची दाट शक्यता आहे. लोखंड आणि लाकडातला तुरट रस यांच्यामुळे तो रंग येतो. डागापासून हातभर अंतर सोडून कापा, नाहीतर चेनचे दात एका क्षणात जातात.

लाकडात भुंगेऱ्यांची भोकं आणि ताजी पीठी दिसली तर ते दूरच्या गावाला नेऊ नका. सरपणाबरोबर किडे प्रवास करतात आणि नव्या जागेतली झाडं मारतात. असं लाकूड जिथलं तिथेच वापरलेलं बरं.

## टप्पा ४: हत्यारं आणि अंगावरचं सामान

आता यंत्राकडे वळू. छोट्या कामाला १४ ते १६ इंची बारचा (बार म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती लांब पट्टी) चेनसॉ पुरतो. लांब बार घेतला की माणूस आपल्या कुवतीबाहेरच्या झाडाला हात घालतो. त्याखेरीज लागतं ते असं: अडीच ते साडेतीन किलोचा फोडणीचा जड कुऱ्हाडा, दोन पाचरी, पाचरी ठोकायला घण, कापताना ओंडका जमिनीपासून वर धरणारी लाकडी घोडी, फोडायला रुंद ठोकळा, चेनच्या मापाची गोल कानस आणि एक चपटी कानस.

पैसे कमी असतील तर यंत्र साधं घ्या, अंगावरचं सामान नको कमी करू. चेन अडवणारी पँट, जाळी आणि कानपट्ट्या असलेलं हेल्मेट, पुढे पोलाद असलेले बूट, हातमोजे. चेनसॉचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, ‘पाच मिनिटांचं तर काम’ म्हणून कानपट्ट्या काढून ठेवणाऱ्यांना पुढे ऐकू कमी येतं. चेन अडवणाऱ्या पँटच्या आतले लांब धागे चेनमध्ये गुंतून ती थांबवतात. एकदा कापली गेलेली पँट शिवून पुन्हा वापरायची नसते.

पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते यंत्राच्या पुस्तिकेतच बघा. ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५:१ असेल तर ४०. अंदाजाने ओतलेलं ऑइल इंजिन खातं. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करा. इंजिन तापलेलं असताना पेट्रोल भरू नका, आणि भरलं तिथेच यंत्र सुरू करू नका. तीन-चार मीटर बाजूला व्हा. चेनचं ऑइल वेगळं असतं, दर टाकीला तेही भरा.

रोज सकाळच्या तीन तपासण्या, इंजिन सुरू करण्याआधी आणि नंतर:

1. चेनचा ताण. यंत्र बंद आणि थंड असताना चेन बारच्या खाली लोंबकळू नये, पण हातमोजा घालून हाताने ओढली की सरकली पाहिजे.
2. ब्रेक. पुढच्या मुठीसमोरची ब्रेकची दांडी ढकलल्यावर चेन जागच्या जागी थांबली पाहिजे.
3. ऑइल. बारचं टोक फिकट रंगाच्या ओंडक्यासमोर, न टेकवता धरा आणि थोडा वेग द्या. लाकडावर तेलाची बारीक रेघ उमटली तर ठीक. रेघ नाही तर काम नाही.

## टप्पा ५: ओंडके कापणं

आधी मर्यादा सांगतो. उभं झाड पाडणं हे या लेखातलं काम नाही. ते वेगळं कसब आहे आणि शेजारी उभं राहून शिकावं लागतं. आडवं पडलेलं, कुणीतरी पाडून दिलेलं, किंवा जमिनीवर उभं राहून खांद्याखाली कापता येईल एवढंच लाकूड आपलं. शिडीवर चेनसॉ कधीही नाही. दुसऱ्या झाडात अडकून लटकलेलं झाड तर दुरूनही हलवायचं नाही. आणि एकट्याने काम करायचं नाही. हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवंच.

यंत्र जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत घालून सुरू करा. हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढणारे खूप दिसतात, त्यांच्यामागे जाऊ नका. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून घेऊन पकड बंद करा. त्याचं कारण असं: चेन बारच्या टोकाशी वळते तिथे, वरच्या पावभागात लाकूड लागलं की दात रुततात, आणि चेनची सगळी ताकद यंत्राला वर, तुमच्या चेहऱ्याकडे फेकते. हे डोळ्याचं पातं लवायच्या आत घडतं. अंगठा बाहेर असेल तर यंत्र हातात राहत नाही. कापताना बारचं टोक कुठे आहे याचं भान सुटू देऊ नका, ढिगात तर मुळीच नाही. मागचा ओंडका दिसत नाही आणि टोक नेमकं तिथेच लागतं.

### ताण ओळखल्याशिवाय कापू नका

बार लाकडात अडकतो तो बहुतेक वेळा ताण न बघितल्यामुळे. ओंडका दोन्ही टोकांना टेकला असेल आणि मधे पोकळ असेल, तर त्याची वरची बाजू दाबाखाली आणि खालची ताणाखाली असते. वरून एक तृतीयांश कापा, मग खालून वर येत काप पूर्ण करा. एकच टोक टेकलं असेल आणि दुसरं हवेत असेल, तर उलटं: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. दोन्ही वेळा पहिला काप दाबाच्या बाजूला असतो. उतारावर असाल तर नेहमी ओंडक्याच्या वरच्या अंगाला उभे राहा.

वाकलेल्या, दबलेल्या फांद्या सगळ्यांत फसव्या. वरचं वजन निघालं की त्या चाबकासारख्या उसळतात. वाकलेल्या फांदीच्या आतल्या अंगाला थोडं थोडं कापून आधी ताण मोकळा करा, आणि तिच्या उसळण्याच्या वाटेत उभे राहू नका.

### लांबी एकच ठेवा

घेणाऱ्याच्या शेगडीची किंवा भट्टीची आतली लांबी विचारा आणि त्यापेक्षा निदान ५ सेंटीमीटर आखूड तुकडा ठरवा. बहुतेकांना २५ किंवा ३३ सेंटीमीटर चालतं. त्या लांबीची काठी कापून तिला भडक रंग द्या आणि खडूने ओंडक्यावर खुणा मारत जा. नजरेने कापलेले तुकडे चार-पाच सेंटीमीटरने कमीजास्त होतात, मग रांग पोटात फुगते आणि एखाद्या रात्री ढासळते.

ओंडका जमिनीवर ठेवून शेवटपर्यंत कापू नका. चेन मातीला एक सेकंद लागली तरी धार जाते. घोडीवर घ्या. जड ओंडका असेल तर पाऊण कापून पालथा करा आणि उरलेलं वरून कापा.

तपासणी: खाली काय पडतंय ते बघा. धार असेल तर जाडसर चिरफळ्या उडतात, धार गेली की पिठासारखा भुसा पडतो. यंत्र जोर देऊन दाबावं लागत असेल, काप एका अंगाला वळत असेल, तर थांबा आणि कानस घ्या. कानस चेनच्या मापाची हवी: छोट्या यंत्रांना बहुधा ४ किंवा ४.८ मिलिमीटर, पण पुस्तिका बघून खात्री करा. बहुतेक चेनना दातावर ३० अंशाच्या खुणेने आतून बाहेर, प्रत्येक दाताला तेवढेच घाव. चार-पाच वेळा धार लावून झाली की दातापुढचा उंचवटाही चपट्या कानशीने किंचित उतरवा, नाहीतर धार असूनही दात लाकडात शिरत नाही.

## टप्पा ६: फोडणं, आणि तेही लवकर

कापलेले ओंडके ‘वाळले की फोडू’ म्हणून ठेवून देणं ही दुसरी मोठी चूक. झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या खोडाच्या लांबीला असतात, म्हणून पाणी कापलेल्या तोंडातून पटकन जातं, आणि सालीतून जवळजवळ जातच नाही. न फोडलेला जाड ओंडका तोंडाला तडकतो, बाहेरून वाळलेला दिसतो, आणि आत वर्षानेही ओला असतो. माझ्या पहिल्या वर्षीचा माल असाच होता. तोंडावर सुंदर चिरा पडलेल्या. विकायच्या आदल्या दिवशी एक फोडला तर मधोमध बशीएवढा गडद गाभा, आणि हात लावला तर गार. तो सगळा माल मी परत फोडून रचला आणि त्या वर्षी काहीच विकलं नाही.

कापल्यापासून काही आठवड्यांत फोडून मोकळे व्हा. सरळ धाग्याचं लाकूड ओलं असताना सहज फुटतं. अगदी चिवट, तंतू न सुटणाऱ्या जाती तोंडाला चिरा पडल्यावर थोड्या सोप्या होतात, पण त्या अपवादासाठी सगळा माल थांबवू नका.

ठोकळा गुडघ्याच्या उंचीचा किंवा त्याहून कमी ठेवा. ओंडका ठोकळ्याच्या मधोमध नव्हे, तुमच्यापासून लांबच्या कडेकडे उभा करा, म्हणजे घाव चुकला तर कुऱ्हाड ठोकळ्यात रुतते, पायाकडे येत नाही. पाय खांद्याएवढे फाकवा, एक पुढे एक मागे नको. घाव उतरताना गुडघे वाकवा, कुऱ्हाडीची धार लाकडाला लागताना जमिनीला समांतर राहिली पाहिजे.

घाव घालण्याआधी ओंडक्याचं तोंड वाचा. मधून कडेकडे गेलेली एखादी चीर आधीच असते, त्या रेषेतच मारा. गाठ कुठे आहे ते सालीवरच्या उंचवट्यावरून कळतं. गाठ खालच्या अंगाला ठेवा आणि घाव तिच्या आरपार न घालता बाजूने घाला. मोठ्या व्यासाचा ओंडका मधे मारून फुटत नाही, कुऱ्हाड नुसती उडते. कडेने सालीजवळून एकेक फाळ उतरवत गोल फिरत या. मधला गाभा शेवटी आपसूक लहान होतो. ठोकळ्यावर जुना टायर बसवून त्यात ओंडका उभा केला तर फुटलेल्या फाळी इकडेतिकडे उडत नाहीत आणि दर वेळी वाकावं लागत नाही. सगळ्यांत कमी पैशांत पाठ वाचवणारी वस्तू ती हीच.

तुकड्याची जाडी ८ ते १५ सेंटीमीटर ठेवा. बारीक तुकडे लवकर वाळतात, पण सगळेच बारीक केले तर शेगडी भडकते आणि लवकर विझते.

सावधान: कुऱ्हाडीच्या पाठीवर घणाने ठोकू नका. कडक पोलादाच्या कपच्या गोळीसारख्या उडतात. पाचरीचं डोकं मार खाऊन छत्रीसारखं पसरलं असेल तर ते घासून काढल्याशिवाय वापरू नका. हायड्रॉलिक फोडणीयंत्र भाड्याने आणलं तर एकच माणूस लाकूडही ठेवेल आणि दांडाही चालवेल. एकाने ठेवायचं, दुसऱ्याने दाबायचं, यातच बोटं जातात.

## टप्पा ७: रचणं आणि झाकणं

एकेरी रांग, दोन्ही टोकांना तुकडे आडवे-उभे एकमेकांवर रचून खांब करा आणि मधे बाकीचे लावा. उंची १.२ मीटरच्या आसपास थांबवा. गच्च बसवायचा हट्ट नको. मधून उंदीर जाईल पण मांजर जाणार नाही, एवढ्या फटी राहू द्या. दोन रांगांमधे हात जाईल एवढी तरी मोकळीक हवी.

झाकण फक्त डोक्यावर. पत्रा, फळी, ताडपत्रीची पट्टी, काहीही, पण बाजू उघड्या. ढिगाला ताडपत्री गुंडाळली की बाहेर पडणारं पाणी आतच थांबतं आणि आठवड्यात पांढरी बुरशी चढते. झाकण नसेल तर सगळ्यांत वरचा थर साल वर करून ठेवा, पाणी घसरून जातं.

प्रत्येक रांगेला पाटी लावा: जात, आणि कोणत्या महिन्यात फोडली. ‘लक्षात राहील’ असं वाटतं. सहा महिन्यांनी राहत नाही.

## टप्पा ८: वाळलंय की नाही, हे मोजा

मऊ लाकूड सहा महिने ते वर्ष, टणक लाकूड एक ते दोन वर्षं, हा ढोबळ अंदाज. हवा दमट असेल तर जास्त. पण विकायचा निर्णय अंदाजावर घेऊ नका.

मॉइश्चर मीटरच्या, म्हणजे ओल मोजणाऱ्या यंत्राच्या, सुया बाहेरच्या कोरड्या अंगावर टोचून ‘१४ टक्के’ म्हणणं हा स्वतःला फसवण्याचा प्रकार आहे. रांगेच्या मधल्या भागातून पाच तुकडे काढा. ते तिथेच फोडा. नव्या उघड्या झालेल्या अंगावर, मधोमध, सुया धाग्याच्या दिशेत टोचा. पाचही ठिकाणी आकडा २० च्या खाली असेल तर माल तयार. एक जरी २५ दाखवत असेल तर रांग अजून उभी राहू द्या. एक बारकावा: बहुतेक मीटर पाण्याची तुलना कोरड्या लाकडाच्या वजनाशी करतात, वर मी दिलेला हिशोब एकूण वजनावर आहे. मीटरवरचे २५ म्हणजे एकूण वजनाच्या २० टक्के. मीटरवर २० च्या खाली आलं की दोन्ही हिशोबांनी सुरक्षित.

मीटर नसेल तर तराजू पुरतो. रांग लावतानाच वेगवेगळ्या जागचे चार तुकडे निवडा, त्यांच्यावर रंगाने आकडा घाला, वजन वहीत लिहा आणि परत रांगेत ठेवा. दर पंधरा दिवसांनी काढून वजन करा. सुरुवातीला वजन झपाट्याने उतरतं, मग सावकाश. कोरड्या हवेत लागोपाठ तीन वेळा तेच वजन आलं, तर हवेतच वाळवून जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. कानालाही कळतं: वाळलेले दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजतात, ओले असले की ‘थप्’ असा बद्द आवाज येतो. पण आवाजावर माल विकू नका, फक्त कुठली रांग मोजायची ते आवाजावर ठरवा.

एवढा आटापिटा कशासाठी? २० टक्के पाणी असलेलं एक किलो लाकूड साधारण ४ किलोवॅट-तास उष्णता देतं. ५० टक्के पाणी असलेलं दोनाच्या थोडं वर. त्या किलोत खरं लाकूडच निम्मं असतं, त्याचीही काही आग पाणी उकळण्यात जाते, आणि होणारा धूर धुराड्यात काजळी धरतो, आणि ती काजळी पुढे पेट घेते.

## टप्पा ९: माप आणि विक्री

वजनावर विकायचं असेल तर वाळल्यावरच विका आणि ओल किती ते सांगा, नाहीतर घेणारा पाण्याचे पैसे देतो. घनमापावर विकायचं असेल तर ‘रचलेला’ की ‘ओतलेला’ हे आधी बोला. एक रचलेला घनमीटर गाडीत नुसता ओतला तर सुमारे दीड घनमीटर दिसतो. अर्ध्या तक्रारी या एका शब्दापायी होतात. रचलेल्या घनमीटरमध्येही खरं लाकूड साधारण ०.६५ ते ०.७ घनमीटरच असतं, बाकी हवा.

भाव ठरवण्याआधी एका घनमीटरचा वेळ लिहून काढा: आणणं, कापणं, फोडणं, रचणं, पोचवणं, धार लावणं, सगळं. बागकामाची तुमची तासाची मजुरी त्याला लावा, पेट्रोल, ऑइल, चेनची झीज मिळवा. आलेला आकडा बाजारभावापेक्षा जास्त असेल, तर वेळ कुठे जातोय ते आधी शोधा. बहुतेक वेळा तो एकच लाकूड चार-चारदा उचलण्यात जात असतो, कापण्यात नाही.

गाडी भरताना वजन विसरू नका. टणक ओल्या लाकडाचा एक रचलेला घनमीटर ६०० ते ७०० किलोच्या घरात जातो. बागेचा पाला वाहणारा छोटा ट्रेलर तेवढ्यात वाकतो आणि उतारावर ब्रेक धरत नाही. ओले ओंडके अर्धा ट्रेलरच भरा, दोन खेपा करा.

पहिल्या वर्षी विक्रीचं उत्पन्न धरू नका. त्या वर्षी रांगा भरायच्या, वह्या भरायच्या आणि घर बागकामावर चालवायचं. दुसऱ्या वर्षी पहिला माल देताना सोबत एक चिठ्ठी द्या: जात, फोडल्याचा महिना, मीटरवरची ओल, तुकड्याची लांबी, आणि घरी नेल्यावर कोरड्या जागी वरून झाकून ठेवा ही सूचना. त्याच चिठ्ठीची नक्कल तुमच्या वहीत चिकटवा. गिऱ्हाइकाने धूर होतो म्हणून फोन केला, तर कोणत्या रांगेतला माल गेला होता ते लगेच सापडेल आणि त्या रांगेतले उरलेले पाच तुकडे फोडून बघता येतील.